पहिल्या सेक्टरची बखर

हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात एक देवनागरी चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, म्हणजे मराठीत लिहायचं म्हटलं तर या जागेत जेमतेम १७० चिन्हं मावतील. एवढ्याशा जागेत आयबीएमने १९८३ साली एक व्यवस्था बसवली आणि पुढची जवळपास तीस वर्षं बहुतेक सगळे पीसी सुरू होताना तिच्यातूनच गेले. विंडोजच्या शेजारी लिनक्सला जागा करून देण्यासाठी ज्यांनी डिस्कची पार्टिशनं लहानमोठी केली आणि मग काळ्या पडद्यावरच्या कर्सरकडे बघत बसायची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांच्या दुखण्याचं मूळ बहुधा याच सेक्टरमध्ये असतं, किंवा त्याने लावून दिलेल्या सवयींमध्ये.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या मूळ पीसीत हार्ड डिस्क नव्हतीच. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला तो १० मेगाबाइटची डिस्क आणि डॉसची २.० आवृत्ती घेऊन. डॉसचं राज्य तेव्हा पुरतं स्थिरावलं नव्हतं. सीपीएम-८६ होती, यूसीएसडीची पी-सिस्टिम होती, युनिक्सची पीसीवरची रूपं येऊ घातली होती. म्हणून एकाच डिस्कवर चार ऑपरेटिंग सिस्टिम सुखाने राहाव्यात अशी तरतूद आयबीएमने केली. ड्युअल बूट ही लिनक्सवाल्यांनी नंतर काढलेली टूम आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात पीसीच्या डिस्कची मांडणीच ती गृहीत धरून झाली होती.

ही मांडणी अशी. पहिले ४४६ बाइट एका छोट्या प्रोग्रॅमला. पुढचे ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला, १६ बाइटांची एक अशा चार नोंदी. शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण. मशीन चालू झालं की बायॉस हा सेक्टर उचलतो, मेमरीत ३१ किलोबाइटच्या टप्प्यावर नेऊन ठेवतो आणि ताबा त्याच्याकडे देतो. प्रोग्रॅम तक्त्यात 'चालू' अशी खूण असलेली नोंद शोधतो, त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर वाचतो आणि ताबा पुढे सोपवतो. काही बिनसलं तर तीनच वाक्यं त्याला बोलता येतात, कारण जागाच तेवढी: 'इन्व्हॅलिड पार्टिशन टेबल', 'एरर लोडिंग ऑपरेटिंग सिस्टिम' आणि 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम'. यातल्या तिसऱ्याने आजवर किती जणांच्या काळजाचा ठोका चुकवला असेल! वास्तविक त्याचा अर्थ इतकाच की सांगितलेल्या जागी जो सेक्टर मिळाला त्याच्या शेवटी ५५ एए नव्हतं. सिस्टिम डिस्कवर धडधाकट असू शकते, फक्त शोधली तिथे नसते.

या सगळ्या साखळीत कुठल्याही कडीला पुढच्या कडीचं नाव माहीत नव्हतं, माहीत होता तो फक्त पत्ता: अमुक सिलिंडर, अमुक हेड, अमुक सेक्टर. एक्सटीच्या काळात त्याने काही अडलं नाही, कारण पार्टिशन हलवण्याचा प्रश्नच नव्हता. आकार बदलायचा तर सगळा माल फ्लॉप्यांवर उतरवायचा (३६० किलोबाइटच्या तीसेक फ्लॉप्या झाल्या की डिस्क रिकामी), एफडिस्कने तक्ता नव्याने आखायचा आणि सगळं परत चढवायचं. कटकट होती, पण पत्ते चुकत नव्हते.

पत्ते चुकायला लागले ते भरलेली डिस्क न पुसता कापता येऊ लागली तेव्हा. १९९३ साली आर्नो शेफर यांनी लिहिलेला 'फिप्स' हा चिमुकला डॉस प्रोग्रॅम लिनक्सच्या सुरुवातीच्या भक्तांचा आधार ठरला. आधी डीफ्रॅग चालवून सगळ्या फाइली डिस्कच्या पुढच्या भागात गोळा करायच्या, मग फ्लॉपीवरून मशीन सुरू करून फिप्स चालवायचा. तो मागची मोकळी जागा तोडून तिचं वेगळं पार्टिशन करी. फिप्सची माहितीपुस्तिका वाचताना त्या काळच्या भीतीचा नेमका अंदाज येतो. नॉर्टनसारख्या साधनांनी डिस्कच्या अगदी टोकाला 'इमेज डॉट आयडीएक्स' नावाची लपवलेली फाइल ठेवलेली असे, आणि डीफ्रॅग तिला हात लावत नसे. ती आधी शोधून काढून टाका, असं पुस्तिका बजावून सांगे. काम सुरू करण्याआधी फिप्स पहिल्या सेक्टरची आणि बूट सेक्टरची प्रत 'रूटबूट' नावाने फ्लॉपीवर ठेवू का, असं विचारी. ज्यांनी 'हो' म्हटलं त्यांच्यापाशी परतीची वाट राहिली. पुढच्या काळात आलेल्या चकचकीत खिडक्यांच्या साधनांपैकी फारच थोड्यांनी वापरणाऱ्याला हा प्रश्न इतक्या सरळपणे विचारला.

जागा झाली, लिनक्स बसलं. आता ते सुरू कोण करणार? व्हेर्नर आल्म्सबेर्गर यांचा लायलो हा लोडर १९९२ पासून ते काम करत होता. लायलोला फाइल सिस्टिम कळत नसे. लिनक्सचा कर्नल डिस्कवर ज्या ज्या ठोकळ्यांत पसरलेला आहे त्यांचे आकडे तो बसवतानाच एका यादीत उतरवून घेई आणि सुरू होताना डोळे मिटून त्या आकड्यांवर जाई. नवा कर्नल आणला, पार्टिशनचा आकार बदलताना ठोकळे सरकले, तर लायलोची आज्ञा पुन्हा द्यावी लागे. विसरलं की संपलं. त्याची तक्रार करण्याची पद्धतही अजब होती. एकेक टप्पा पार पडला की तो आपल्या नावाचं एकेक अक्षर पडद्यावर उमटवी. चारही अक्षरं दिसली तर ठीक. 'एलआय' वर गाडी अडली तर दुसरा टप्पा वाचला गेला, पण चालू शकला नाही, म्हणजे बहुधा डिस्कच्या मापांबाबत गोंधळ. जाणकार माणूस अर्ध्या नावावरून निदान सांगत असे.

भारतात लिनक्स हातोहात पोहोचायला १९९६ उजाडलं. 'पीसीक्वेस्ट' मासिकाने अतुल चिटणीस यांच्या पुढाकाराने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली, आणि इंटरनेट जोडणी नसलेल्या असंख्य घरांत ती पोहोचली. घरात संगणक एकच, त्यावर भावंडांचे खेळ आणि वडिलांची पत्रं. त्यामुळे विंडोज पुसून टाकण्याची मुभा कुणाला नव्हती. दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर ठेवणं भागच होतं. त्यात बायॉसची १०२४ सिलिंडरांची मर्यादा आडवी येई. या मर्यादेपलीकडचं, म्हणजे साधारण ८.४ गिगाबाइटच्या पुढचं, जुन्या पद्धतीने वाचताच येत नसे. डिस्कच्या सुरुवातीची सगळी जागा विंडोजने व्यापलेली आणि लिनक्स शेवटाला, अशी रचना केली की बसवणं बिनबोभाट पार पडे आणि पहिल्याच रीस्टार्टला घोडं अडे. मग कुणीतरी सांगे, 'बूट' नावाचं छोटं पार्टिशन अगदी पुढे काढ. सल्ला बरोबर होता. पण तोवर डिस्क दोनदा तरी पुसली गेलेली असे.

विंडोजची एनटी शाखाही पत्त्यांच्या बाबतीत काही वेगळी नव्हती. तिच्याकडे 'बूट डॉट आयएनआय' नावाची साधी मजकुराची फाइल होती आणि तीत विंडोज कितव्या पार्टिशनमध्ये आहे ते आकड्याने लिहिलेलं असे. ही मोजणी आधी मुख्य तक्त्यातली प्रायमरी पार्टिशनं, मग त्याबाहेरची लॉजिकल, अशी चाले. विंडोज लॉजिकल पार्टिशनमध्ये असेल आणि कुणी मोकळ्या जागेत लिनक्ससाठी एक प्रायमरी पार्टिशन काढलं, तर विंडोजला धक्काही न लावता तिचा क्रमांक दोनचा तीन होई. फाइलमध्ये मात्र दोनच. परिणामी संदेश येई तो 'एचएएल डॉट डीएलएल' ही फाइल गहाळ किंवा खराब असल्याचा! ती फाइल जागच्या जागी असे. दुसऱ्या मशीनवरून ती आणून चिकटवण्यात, शेवटी विंडोजच नव्याने बसवण्यात लोकांचे दिवस गेले. एका आकड्याची दुरुस्ती पुरली असती.

पण आकड्यांच्या या खेळातला सगळ्यांत बोधप्रद प्रसंग मे २००४ चा आहे, आणि त्यात पार्टिशनमधला एकही बाइट हलला नव्हता.

त्या महिन्यात फेडोरा कोर २ ही लिनक्सची आवृत्ती बाहेर पडली. लिनक्सचा नवा २.६ कर्नल सोबत होता. लोकांनी नेहमीप्रमाणे विंडोज एक्सपीच्या शेजारी ती बसवली, रीस्टार्ट केलं, मशीन सुरू होताना येणाऱ्या यादीतून विंडोज निवडली, आणि पडद्यावर 'चेनलोडर +१' ही ओळ उमटून मशीन गप्प झालं. लिनक्स उत्तम चालत होतं. लिनक्समधून विंडोजच्या फाइली दिसत होत्या. फक्त विंडोज उठत नव्हती. असाच अनुभव मँड्रेक १० आणि सूझे ९.१ वापरणाऱ्यांनाही आला, तेव्हा एकट्या फेडोरावर खापर फोडून भागेना.

कारण शोधायला डिस्कच्या मापांपाशी जावं लागतं. तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीत पार्टिशनची जागा दोन तऱ्हांनी लिहिलेली असते: एक सरळ क्रमांक, आणि दुसरी ती जुनी सिलिंडर-हेड-सेक्टरची तिकडी. या हेडांचा खऱ्या डिस्कमधल्या हेडांशी केव्हाच संबंध उरला नव्हता. २५५ हेड असलेली डिस्क कुणी पाहिलेली नाही. पण बायॉस आणि विंडोज यांच्यात तो आकडा ठरून गेला होता. तोवर लिनक्सचा कर्नल बायॉसची ही समजूत विचारून घेत असे. २.६ मध्ये ती चौकशी काढून टाकण्यात आली, कारण लिनक्सला तिची गरज नव्हती. त्यामुळे फेडोराच्या इन्स्टॉलरमधल्या 'पार्टेड' या साधनाने डिस्कलाच मापं विचारली, डिस्कने १६ हेड सांगितले, आणि पार्टेडने तक्ता त्या हिशेबाने पुन्हा लिहिला. सरळ क्रमांक होते तसेच राहिले. तिकडीतला शेवटच्या हेडचा आकडा मात्र २५४ चा १५ झाला.

अनेक बायॉसांत डिस्कची मापं 'ऑटो' वर ठेवलेली असत, आणि 'ऑटो' म्हणजे काय, तर तक्त्यातला हाच शेवटच्या हेडचा आकडा बघून अंदाज बांधायचा. बायॉसने १५ पाहिला आणि १६ हेड धरले. विंडोजच्या बूट सेक्टरमध्ये २५५ कोरलेलं. बूट सेक्टर एका मापाने पत्ता सांगतोय, बायॉस दुसऱ्या मापाने तो शोधतोय. हाती येणार ते भलतंच काहीतरी.

उपाय गमतीशीर निघाला. बायॉसच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कसमोरचं 'ऑटो' बदलून 'एलबीए' केलं की अनेक मशीनवर विंडोज जशीच्या तशी उभी राही. किंवा लिनक्समधून तक्ता उतरवून घेऊन तोच २५५ हेडांच्या हिशेबाने परत लिहायचा. ज्यांनी घाईने विंडोजची सीडी घालून सगळं पुसलं त्यांनी मात्र विनाकारण हात पोळून घेतले. चूक कुणाची, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. कर्नलवाल्यांचं म्हणणं होतं की हेडांचा हा हिशेब कालबाह्य आहे, आणि ते खरंच होतं. पण शेजाऱ्याला अजून लागणारी गोष्ट आपल्याला नको म्हणून काढून टाकायची, तर आधी त्याला विचारायला हवं होतं. तक्ता दोघांचा होता.

याच सुमारास लायलोची जागा ग्रबने घेतली होती. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये जीएनयू हर्ड ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करण्यासाठी तो लिहायला घेतला. १९९९ पासून तो जीएनयू प्रकल्पाचा अधिकृत भाग झाला. ग्रबला फाइल सिस्टिम वाचता येते, त्यामुळे कर्नलचे ठोकळे सरकले तरी तो नावाने शोधून काढतो. ही मोठीच प्रगती होती. पण ४४६ बाइटांत एवढी अक्कल मावत नाही. म्हणून ग्रब आपला गाभा पहिल्या सेक्टरनंतरच्या ६२ मोकळ्या सेक्टरांत ठेवतो, आणि उरलेले भाग कितव्या पार्टिशनवर आहेत तो क्रमांक त्या गाभ्यात नोंदवतो. म्हणजे पत्ता आलाच. पार्टिशनांचे क्रमांक बदलले की जुना ग्रब 'एरर १७' किंवा 'एरर २२' म्हणून थांबे. नवा ग्रब 'ग्रब रेस्क्यू' अशी पाटी दाखवून आज्ञेची वाट बघतो.

ही पाटी सर्वांत जास्त कुणी पाहिली असेल तर लिनक्सचा कंटाळा आलेल्यांनी. सी ड्राइव्ह भरला, लिनक्स वापरात नाही, म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सचं पार्टिशन उडवलं आणि सी त्यात वाढवला. विंडोज त्या क्षणी हसतखेळत चालू असते. बंद करून पुन्हा चालू केलं की पहिल्या सेक्टरमधला ग्रब जागा होतो आणि नाहीशा झालेल्या पार्टिशनला हाका मारत बसतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्यांचं लिनक्स शाबूत असून फक्त क्रमांक सरकलेला असतो त्यांना या पाटीवरूनच सुटका मिळते: एकेक पार्टिशन उघडून ग्रबचं फोल्डर कुठे आहे ते शोधायचं, तो पत्ता 'प्रिफिक्स' म्हणून द्यायचा आणि 'नॉर्मल' हा भाग बोलवायचा. चार ओळींचं काम आहे. ज्यांचं लिनक्सच गेलं त्यांना विंडोजच्या सीडीवरून 'फिक्स एमबीआर' हाच मार्ग; एमबीआर म्हणजे हाच पहिला सेक्टर.

त्या ६२ सेक्टरांचीही एक कथा आहे. ते कुणाच्याच मालकीचे नव्हते, त्यामुळे सगळ्यांचेच होते. विंडोजवरच्या काही महागड्या सॉफ्टवेअरची परवाना तपासणारी यंत्रणा आपली गुप्त खूण याच पट्ट्यात लिहून ठेवी. आयत्या बिळावर नागोबा! विंडोजमध्ये असा एखादा प्रोग्रॅम उघडला की ग्रबच्या गाभ्यातला एक सेक्टर पुसला जाई आणि पुढच्या वेळी मशीन उठत नसे; पार्टिशनला कुणी बोटही लावलेलं नसताना. अखेर ग्रबच्या कर्त्यांनी अशा ओळखीच्या खुणा टाळून लिहिण्याची सोय केली आणि गाभ्याला चूक सुधारणारं सांकेतिक अस्तरही दिलं.

विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये बूट डॉट आयएनआय मोडीत काढली आणि 'बीसीडी' नावाचा कोठा आणला. त्यात पार्टिशनचा क्रमांक नसे; डिस्कची सही आणि पार्टिशन डिस्कवर नेमकं कुठून सुरू होतं तो आकडा असे. आता क्रमांक बदलला तरी चालू लागलं, पण सुरुवात सरकली की विंडोजचा लोडर 'विनलोड' सापडत नाही म्हणून रडगाणं. म्हणूनच अनुभवी माणसं एक भेद कटाक्षाने पाळतात: पार्टिशन उजवीकडून कापावं, डावीकडून शक्यतो नाही. शेवट आत घेतला तर सुरुवात जागच्या जागी राहते. डावी कड सरकवायची तर सगळा माल उचलून पुढे न्यावा लागतो, तासन् तास जातात, आणि मध्येच वीज गेली तर अर्धा माल इकडे, अर्धा तिकडे. महाराष्ट्रातल्या भारनियमनाच्या वर्षांत हा धोका पुस्तकी नव्हता. त्याच वर्षांत, २००५ पासून २०११ पर्यंत, उबुंटूच्या सीडी मागितल्या की पोस्टाने फुकट घरी येत. पार्टिशन कापणाऱ्या जीपार्टेडची खिडकी त्या सीडीतच मिळे. बॅकअप घ्यायला दुसरी डिस्क मात्र ज्याची त्याने आणायची.

आकड्यांच्या पत्त्यांपासून खरी सुटका झाली ती बायॉसच्या जागी यूईएफआय आणि जुन्या तक्त्याच्या जागी जीपीटी आल्यावर. चार नोंदींच्या जागी विंडोजच्या रचनेत १२८, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटाला, प्रत्येक पार्टिशनला स्वतःची कायमची ओळख, आणि लोडर लपूनछपून कुठल्या मोकळ्या पट्टीत न बसता एका वेगळ्या पार्टिशनमध्ये चक्क फाइल म्हणून. २०१२ च्या विंडोज ८ नंतर घरोघरची नवी मशीनं याच पद्धतीची झाली. पार्टिशन लहानमोठं केल्याने लोडरच हरवण्याचे प्रकार तेव्हापासून फार कमी झाले.

गोंधळ संपले नाहीत, त्यांची जागा बदलली. विंडोज ८ च्या 'फास्ट स्टार्टअप' मध्ये मशीन बंद केलं तरी विंडोज पुरती बंद होत नाही, अर्धवट झोपते. त्या अवस्थेत तिचं पार्टिशन लिनक्समधून कापणं म्हणजे झोपेतल्या सिस्टिमच्या अंथरुणाला कात्री लावणं, म्हणून शहाणी साधनं त्याला नकार देतात. बिटलॉकरने कुलूपबंद केलेलं पार्टिशन जीपार्टेडला कापता येत नाही, आणि बूटचा क्रम बदलला की विंडोज ४८ आकडी किल्ली मागू शकते. लिनक्सच्या बाजूला स्वॅप पार्टिशन पुसून नव्याने केलं की त्याची ओळख बदलते. जुनी ओळख पार्टिशनांची यादी असलेल्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये राहिली तर मशीन दीड मिनिट तिची वाट बघून मगच पुढे सरकतं. अनेकांना ते बिघाडच वाटतं.

आणि जानेवारी २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने सामान्य माणसाच्या हाती कात्री दिली. विंडोज १० च्या एका सुरक्षा अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्ये जागा पुरेना, आणि असंख्य मशीनवर ते ०x८००७०६४३ हा आकडा दाखवून आपटू लागलं. त्यावर कंपनीने प्रसिद्ध केलेली कृती अशी होती: काळ्या खिडकीत रिकव्हरी बंद करा, सी पार्टिशन २५० मेगाबाइटने लहान करा, जुनं रिकव्हरी पार्टिशन पुसा, नवं मोठं तयार करा, मग रिकव्हरी पुन्हा चालू करा. प्रत्येक ओळ हाताने टाइप करायची. ज्यांना हे जमलं नाही ते आपोआप दुरुस्त होण्याची वाट बघत राहिले, आणि काही महिन्यांनी विंडोज १० साठी तसा आपोआप उपाय येणार नसल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं.